नांगराचे बैल आणि रोझा बॉनर

विषय कोणता निवडला यावरून चित्रकाराची प्रतिष्ठा ठरवण्याची प्रथा युरोपात दीर्घकाळ चालत आली, आणि तिला शास्त्राचे रूप देण्याचे काम फ्रान्सच्या राजाश्रित कला-अकादमीने केले. अकादमीतील १६६७ सालच्या व्याख्यानांना आंद्रे फेलिबिएँ याने जी प्रस्तावना जोडली, तीत ही उतरंड स्पष्ट शब्दांत मांडलेली आहे: फळे, फुले आणि शिंपले रंगवणारा सर्वांत खाली, निसर्गदृश्य रंगवणारा त्याच्या वर, जिवंत जनावरे रंगवणारा निर्जीव वस्तू रंगवणाऱ्याहून अधिक आदरणीय खरा, परंतु मनुष्याकृती रंगवणारा या सर्वांहून श्रेष्ठ, कारण मनुष्य ही ईश्वराची परिपूर्ण निर्मिती, आणि त्यांतही इतिहास-पुराणांतील थोर प्रसंग चितारणारा तो शिरोमणी. पुढे दीड-दोन शतके पारितोषिके, सरकारी कामे, प्रदर्शनातील मानाच्या जागा, किंबहुना चित्राचा आकारसुद्धा बव्हंशी याच क्रमाला धरून ठरत गेला. भव्य पट राजांसाठी, सेनापतींसाठी व देवतांसाठी राखून ठेवावा आणि गाईगुरांचे चित्र दिवाणखान्याच्या कोपऱ्यात मावेल एवढेच असावे, असा संकेत रूढ झाला. हॉलंडच्या पाउलुस पॉटरने या प्रस्तावनेच्याही वीस वर्षे आधी, १६४७ साली, आपला उभा खोंड जवळजवळ प्रत्यक्षाएवढा रंगवून ठेवला होता, तरी तो अपवादच मानला गेला.

हा संकेत फ्रान्समध्ये ज्या चित्रकर्त्रीने मोडला, त्या रोझा बॉनरची (१८२२–१८९९) द्विशतसांवत्सरिक जयंती २०२२ साली बोर्दो आणि पॅरिस येथील मोठ्या प्रदर्शनांनी साजरी झाली. गेल्या अर्धशतकात तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले, आणि ते बहुतांशी तिच्या चरित्राविषयी लिहिले गेले. तिने पुरुषी विजार घातली, केस आखूड कापले, धूम्रपान केले, लग्न केले नाही, आयुष्य मैत्रिणीच्या सहवासात घालवले, घरी सिंहीण पाळली, या गोष्टी आज बहुतेकांना ठाऊक आहेत. त्या खऱ्या आहेत आणि एकोणिसाव्या शतकातील स्त्रीने त्या निर्भयपणे कराव्यात यात मोठे शौर्य आहे, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. परंतु या चरित्राच्या प्रकाशात तिचे बैल, घोडे आणि मेंढरे दिसेनाशी होऊ लागली आहेत, आणि त्याविषयी तक्रार नोंदवणे मला अगत्याचे वाटते. ज्या जनावराच्या श्रमावर माणसाने शेती केली, त्या जनावराला तिने चित्राच्या मध्यभागी आणि पूर्ण योग्यतेने उभे केले. ही तिची खरी कामगिरी आहे, आणि बैलाच्या खांद्यावर ज्यांची शेती पिढ्यान् पिढ्या उभी राहिली त्या मराठी वाचकाला तर ती विशेष जवळची वाटावी अशी आहे.

तिचा जन्म बोर्दो शहरी झाला. वडील रेमाँ बॉनर हे चित्रकार होते आणि स्त्री-पुरुष समतेचा पुरस्कार करणाऱ्या सँ-सिमाँच्या पंथाचे निष्ठावंत अनुयायी होते. आई सोफी संगीताच्या शिकवण्या करून घर चालवी. अक्षरओळखीला काही केल्या न वळणाऱ्या या मुलीला आईने प्रत्येक अक्षरासाठी एक प्राणी काढायला लावून वर्णमाला शिकवली, असे रोझा स्वतः सांगत असे. १८३३ साली ती अकरा वर्षांची असताना आई दारिद्र्यात निवर्तली. शाळा टिकली नाही, शिवणकामाची उमेदवारीही टिकली नाही, तेव्हा वडिलांनी तिला आपल्या हाताखाली घेतले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. पॅरिसच्या सरकारी कलाविद्यालयाचे दरवाजे स्त्रियांना १८९७ साली उघडले. म्हणजे रोझाच्या विद्यार्थिदशेत नग्न मनुष्यदेहाचा तो अभ्यास, ज्यावाचून इतिहासचित्र रंगवण्याची पात्रताच येत नसे, तिला तेथे मिळणे शक्य नव्हते. उतरंडीच्या वरच्या पायऱ्या अशा रीतीने तिच्यासाठी बंदच होत्या. देहाचे जे ज्ञान मनुष्याकृतीवरून मिळवणे तिला नाकारले गेले, ते तिने जनावरांवरून मिळवले. पॅरिसच्या कत्तलखान्यांत कामगारांची टवाळी सोसत ती दिवसचे दिवस स्नायू, सांधे आणि कातडीखालची हाडांची ठेवण टिपत बसे. जनावरांचे विच्छेदनही तिने केले. सहाव्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात मेंढरू पाळले होते आणि पुढे शिल्पकार म्हणून नावारूपास आलेला तिचा भाऊ इझिदोर ते खांद्यावर घेऊन जिने उतरत असे व चरायला नेत असे, ही हकीकत तिच्या सर्व चरित्रकारांनी दिली आहे. १८४१ साली, एकोणीस वर्षांची असताना, तिची चित्रे प्रथमच सरकारी वार्षिक प्रदर्शनात लागली आणि १८४८ साली तिला तेथे सुवर्णपदक मिळाले.

त्याच वर्षी फेब्रुवारीत राजसत्ता कोसळून फ्रान्समध्ये दुसरे प्रजासत्ताक आले होते. नव्या सरकारने या सव्वीस वर्षांच्या मुलीला तीन हजार फ्रँक देऊन नांगरणीच्या चित्राचे काम सोपवले. ते चित्र, 'निव्हेर्नेमधील नांगरट', १८४९ च्या प्रदर्शनात मांडले गेले. आधी ते लियाँच्या संग्रहालयाकडे जाणार होते, परंतु सरकारने ते पॅरिसच्या लक्झेंबर्ग संग्रहालयात ठेवून घेतले, आणि आज ते तेथीलच ऑर्से संग्रहालयात आहे. उंची सव्वा मीटरहून किंचित अधिक, लांबी दोन मीटर साठ सेंटिमीटर. डावीकडून उजवीकडे, किंचित चढाच्या जमिनीवरून, सहा-सहा बैलांची दोन औते एकामागून एक चाललेली आहेत. मागे झाडीची एक टेकडी, वर स्वच्छ आकाश, आणि अगदी पुढ्यात नुकत्याच उलथलेल्या ढेकळांचे तपकिरी तास. ही शरद ऋतूतील पहिली नांगरट. हिवाळाभर माती हवेला उघडी राहावी म्हणून ती करतात, जसे आपल्याकडे पीक निघाल्यावर उन्हात जमीन तापावी म्हणून रान नांगरून टाकतात.

मराठी शेतकऱ्याच्या नजरेने हे चित्र पाहिले तर पॅरिसच्या टीकाकारांना न दिसलेल्या काही गोष्टी तत्काळ दिसू लागतात. पहिली ही, की या बैलांना वशिंड नाही. युरोपातील गोवंश बिनवशिंडाचा. त्यामुळे आपल्याकडे जू जसे मानेवर, वशिंडाला टेकून बसते तसे तेथे बसू शकत नाही. म्हणून निव्हेर्ने प्रांतात जू डोक्यामागे ठेवून शिंगांच्या मुळाशी चामड्याच्या वाद्यांनी आवळून बांधत, आणि जोडीतील दोन्ही डोकी एकाच लाकडाला जखडली जात. आपला बैल खांद्याने ओढतो, म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण त्याची खांदेमळणी करतो, तूप-हळद लावून तो खांदा शेकतो. निव्हेर्नेचा बैल मस्तकाने ओढतो. रोझाने हा भेद केवळ साजाच्या रेखाटनात दाखवला नाही. मस्तक खाली, मान पाठीच्या रेषेत ताणलेली, पोळीच्या घड्या पुढे सरकलेल्या आणि मागच्या पायांच्या मांड्यांवर सारा जोर आलेला, अशी ती ओढ प्रत्येक बैलाच्या अंगात कोठून कोठे जाते हे तिने दाखवले. त्यातही बाराच्या बारा बैल सारख्या जोराने ओढत नाहीत. ज्याने कधी एका नांगराला दोन-तीन जोड्या जुंपलेल्या पाहिल्या आहेत त्याला ठाऊक असते, की कोणी अंग चोरतो, कोणी जोडीदाराच्या वाटचाही भार घेतो, आणि नांगऱ्याला ते मागून कळत असते. पुढच्या औतातील एक पांढरा बैल चालता चालता डोळा वळवून थेट आपल्याकडे पाहतो. त्या डोळ्यात याचना नाही आणि मनुष्याचा उसना भावही नाही. काम चालू असताना बांधावर कोणी परका येऊन उभा राहिला तर बैल त्याच्याकडे जसा पाहतो तसा तो पाहतो.

माणसे या चित्रात आहेत, पण ती लहान आहेत. टोप्यांच्या सावलीत त्यांचे चेहरे हरवले आहेत. पराणी उगारलेला औतकरी बैलांच्या भिंतीआड अर्धा झाकला गेला आहे. फेलिबिएँची उतरंड येथे उलटी झाली आहे, आणि तीही कोणताही जाहीरनामा न काढता, सरकारी पैशाने.

याच काळात गुस्ताव्ह कूर्बेने खडी फोडणारे मजूर रंगवले आणि झाँ-फ्राँस्वा मिलेने पेरणी करणारा शेतकरी रंगवला. त्या चित्रांनी पॅरिसचा प्रतिष्ठित वर्ग अस्वस्थ झाला. रोझाच्या चित्राने तो सुखावला. तिच्या रानात ऊन सदैव प्रसन्न असते, बैल धष्टपुष्ट असतात, सावकार नसतो, नापिकी नसते, असा आक्षेप तिच्यावर घेतला जातो आणि तो निराधार आहे असे मला म्हणवत नाही. खेड्यातील माणसाचे दैन्य तिला रंगवता आले नाही, आणि मनुष्याचा चेहरा हा तिच्या प्रतिभेचा प्रांतच नव्हता. तथापि ज्या एका प्राणिमात्राचे श्रम कूर्बे आणि मिले यांच्या करुणेच्याही कक्षेत दुय्यमच राहिले, त्याच्याकडे तिने संपूर्ण लक्ष दिले. आणि हे लक्ष देताना त्याची कीव केली नाही. बैलाला केविलवाणा करून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणणे सोपे असते. त्याच्या बळाचा, कसबाचा आणि स्वभावाचा मुलाहिजा ठेवून त्याला रंगवणे दुर्घट असते, आणि ते तिला साधले.

या यशानंतर तिने हाती घेतलेले 'अश्वबाजार' हे चित्र सुमारे अडीच मीटर उंच आणि पाच मीटर लांब आहे. पॅरिसमधील लोपिताल रस्त्यावर घोड्यांचा बाजार भरत असे; चित्रात दूरवर दिसतो तो सालपेत्रिएर रुग्णालयाचा घुमट. तेथे ती दीड वर्ष, आठवड्यातून दोनदा, पुरुषी पोशाखात जात होती, कारण घोडेवाल्यांच्या आणि दलालांच्या त्या गर्दीत झगा घातलेल्या स्त्रीला स्वस्थपणे रेखाटन करू देण्याइतकी सभ्यता कोणाच्याही ठायी नव्हती. पॅरिसच्या पोलीसप्रमुखाने १८०० साली काढलेल्या हुकुमान्वये स्त्रीला पुरुषाचा वेष करावयाचा असेल तर वैद्यकीय दाखला जोडून पोलीस कचेरीतून परवाना घ्यावा लागे. रोझाच्या नावचा १२ मे १८५७ रोजीचा असा एक परवाना उपलब्ध आहे. प्रकृतीच्या कारणास्तव पुरुषी पोशाख करण्यास मुभा. त्या पोशाखात नाट्यगृहे, नृत्यसमारंभ आणि इतर सार्वजनिक जमावाच्या ठिकाणी जाण्यास मनाई. मुदत सहा महिने. त्या कारकुनी मजकुरात तिच्या कलेचा उल्लेख नाही. हा हुकूम आता लागू नसल्याचे फ्रेंच सरकारने जाहीर केले ते थेट २०१३ साली. आज या परवान्याची छायाचित्रे फार फिरतात, आणि तो कागद संतापजनक आहे यात शंका नाही. परंतु तिने तो पोशाख कशासाठी केला होता? घोड्याच्या खुराजवळ, घामाच्या आणि लिदीच्या वासात उभे राहून, उधळणाऱ्या पेर्शरॉन जातीच्या घोड्याच्या मानेवरची शीर कशी फुगते हे पाहता यावे, यासाठी. त्या परवान्याची किंमत त्या शिरेच्या रेखाटनात शोधली पाहिजे.

'अश्वबाजार' १८५३ च्या प्रदर्शनात गाजले. ती स्वतः त्याला आपली पार्थेनॉनची शिल्पपट्टी म्हणत असे, आणि घोड्यांचा तो वळत जाणारा, उसळणारा ओघ पाहिला की ते म्हणणे अवास्तव वाटत नाही. तरीही निवड करावयाची झाली तर मी नांगरटीचे चित्र वर ठेवीन. 'अश्वबाजारा'त विक्रीसाठी मिरवणाऱ्या बळाचे प्रदर्शन आहे, आणि नांगरटीत तेच बळ कामाला जुंपलेले आहे. एर्नेस्त गाँबार या व्यापाऱ्याने 'अश्वबाजार' चाळीस हजार फ्रँकांना घेतले, इंग्लंडला नेले, राणी व्हिक्टोरियाला दाखवले, त्याच्या मुद्रित प्रती काढून घरोघर पोहोचवल्या. पुढे ते अमेरिकेत गेले. १८८७ साली कॉर्नेलियस व्हँडरबिल्टने ते त्रेपन्न हजार डॉलरांना खरेदी करून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास अर्पण केले. तिच्या कीर्तीचे आणि उपेक्षेचेही मूळ या व्यवहारात आहे. १८५५ नंतर तिची चित्रे इंग्रज व अमेरिकन गिऱ्हाइकांकडे कुंचल्याखालून थेट रवाना होऊ लागली आणि पॅरिसच्या प्रदर्शनांत ती क्वचितच दिसली. १८६५ साली सम्राज्ञी युजेनीने फोंतेनब्लोच्या अरण्यालगतच्या बी येथील तिच्या वाड्यावर स्वतः जाऊन लिजन ऑफ ऑनरचे पदक तिच्या अंगावर लावले; हा मान मिळवणारी ती पहिली चित्रकर्त्री. पण पदक मिळाले तरी मायदेशी तिचे चित्र डोळ्यांसमोर राहिले नाही, आणि दरम्यान मोने-मनेंच्या पिढीने चित्र पाहण्याची रीतच पालटून टाकली. तपशिलाची निष्ठा हा दोष गणला जाऊ लागला. फ्रान्सने तिला परकी मानले, आणि पुढे इंग्लंड-अमेरिकाही तिला विसरली. १९७१ साली लिंडा नॉक्लिन या विदुषीने थोर स्त्री-चित्रकार का झाल्या नाहीत या प्रश्नावरील आपल्या प्रसिद्ध निबंधात रोझाचे उदाहरण विस्ताराने घेतले, तेथून तिचे नाव पुन्हा चर्चेत आले. चरित्राकडे झुकलेले आजचे कुतूहल याच पुनरुद्धाराचे अपत्य आहे.

आपल्याकडील चित्रकलेचा विचार या संदर्भात मनात आल्याशिवाय राहत नाही. बैल मराठी चित्रांत विपुल आहे: दिनदर्शिकांवर आहे, बँकांच्या भिंतींवर आहे, वार्षिक प्रदर्शनांत तर मावळत्या सूर्याकडे जाणाऱ्या बैलगाड्यांना खंड नाही. पण तो बहुधा एकच बैल असतो; प्रत्यक्षात आपले बैल निरनिराळ्या जातींचे आहेत. लांब, मागे झुकलेल्या शिंगांचा, सडपातळ आणि चपळ खिलार. इगतपुरी-अकोल्याच्या मुसळधार पावसात भाताच्या चिखलात काम करणारा, तेलकट कातडीचा, काळ्या कठीण खुरांचा डांगी. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा, लोंबत्या कानांचा देवणी. या तिघांची उभे राहण्याची, चालण्याची आणि ओढण्याची तऱ्हा निरनिराळी आहे, आणि बाजारात पिशवीखाली हात घालून बोटांनी सौदा करणारा अडाणी म्हटला जाणारा दलालसुद्धा ती लांबून ओळखतो. चित्रकाराने ती ओळखू नये, ही गोष्ट मला खटकते. छायाचित्रावरून बैल काढता येतो. पण त्याच्या मांडीतील ओढ छायाचित्रावरून समजत नाही. जनावर काढणे हे माणूस काढण्याच्या खालचे काम, ही फेलिबिएँची समजूत आपण न वाचताही पत्करून बसलो आहोत काय, अशी शंका येते.

आणि मुदत थोडी उरली आहे. निव्हेर्नेच्या रानातून औताचा बैल केव्हाच नाहीसा झाला. तेथील शारोले जात आता मांसासाठी पोसली जाते. आपल्याकडेही ट्रॅक्टरने नांगरटीचे काम बहुतांशी काढून घेतले आहे, आणि छोट्या शेतकऱ्याला वर्षभर जोडी सांभाळणे परवडत नाही; त्याला दोष देण्याचा अधिकार शहरात बसून चित्रे पाहणाऱ्यांना नाही. परंतु दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्यात घोड्यांचा बाजार अजून भरतो, माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत घोडे, उंट आणि गुरे अजून येतात, सांगोल्याच्या बाजारात खिलार जोड्या अजून उभ्या असतात. आपल्या कलाविद्यालयांनी प्राण्यांच्या अभ्यासाचे काही तास वर्गातून काढून या बाजारांत न्यावेत, आणि विद्यार्थ्याने तेथे चित्र न करता केवळ अभ्यास करावा: एक खूर, एक गुडघा, जुवाखालचा घट्टा, उठून उभ्या राहणाऱ्या गाईचा मागचा पाय. आज मुलींना त्यासाठी कोणत्याही कचेरीतून परवाना आणावा लागत नाही.

रोझा २५ मे १८९९ रोजी बी येथे निवर्तली. चाळीसहून अधिक वर्षांची तिची सहचारिणी नाताली मिका दहा वर्षांपूर्वीच गेली होती. मृत्युपत्रान्वये सर्व मिळकत अ‍ॅना क्लंपकी या अमेरिकन चित्रकर्त्रीकडे आली. १९०० साली पॅरिसमध्ये रोझाच्या चित्रशाळेतील संग्रहाचा लिलाव झाला तेव्हा दोन हजारांहून अधिक कृती बाहेर आल्या. त्यांतील पुष्कळशा ती हयात असताना कोणाच्या दृष्टीस पडल्या नव्हत्या, कारण त्या विक्रीसाठी काढलेल्याच नव्हत्या. बैलांची, मेंढ्यांची, घोड्यांची ही अभ्यासचित्रे होती. 'अश्वबाजारा'चा पाच मीटरांचा पट ज्यांना अतिरिक्त थाटाचा वाटतो, त्यांनी या अभ्यासांपासून सुरुवात करावी, असे मी सुचवीन.